खरं असूनही न पटलेलं : सेमेलवाइसच्या खुल्या पत्रांचं प्रकरण

१८६१ साली पेस्ट (आताच्या बुडापेस्टचा भाग) शहरातल्या प्रसूतिशास्त्राच्या एका प्राध्यापकाने वुर्त्सबुर्गमधल्या दुसऱ्या प्राध्यापकाला पत्र लिहिलं आणि ते छापून सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या वाक्याचा आशय असा: माझा सिद्धान्त खोडून न काढता तुम्ही विद्यार्थ्यांना बाळंतज्वर हा साथीचा रोग आहे असंच शिकवत राहिलात, तर देवाच्या आणि जगाच्या साक्षीने मी तुम्हाला खुनी ठरवतो, आणि बाळंतज्वराच्या इतिहासाने तुमची नोंद वैद्यकातला नीरो (क्रूरतेसाठी कुप्रसिद्ध रोमन सम्राट) म्हणून केली, तर तो तुमच्यावर अन्याय होणार नाही.

लिहिणारा होता इग्नाझ सेमेलवाइस. ज्याला लिहिलं तो फ्रीडरिश स्कॅन्झोनी. आणि मुद्द्याच्या गाभ्यात सेमेलवाइस बरोबर होता. डॉक्टरांनी हात नीट धुतले तर बाळंतिणी वाचतात हे त्याला चौदा वर्षांपूर्वी कळलं होतं, आणि सिद्ध करायला त्याच्याकडे आकडे होते. तरीही या पत्रांनी त्याच्या विरोधकांतलं कोणी हललं असं दिसत नाही.

मन वळवणाऱ्या लेखनाचा विचार करताना आपण बहुतेक वेळा यशस्वी भाषणं आणि यशस्वी जाहिराती घेतो. त्यात एक खोट असते. यशस्वी मजकुरातली प्रत्येक युक्ती यशाचं कारण वाटू लागते. म्हणून मी हे हरलेलं प्रकरण घेतलं आहे. इथे पुरावा भक्कम होता, हेतू स्वच्छ होता, भाषा धारदार होती आणि विषय जिवाचा होता. मग कुठे फसलं?

आकडे काय सांगत होते

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या कक्षात २०,०४२ प्रसूती झाल्या आणि १,९८९ बायका मेल्या. दुसऱ्यात १७,७९१ प्रसूतींमागे ६९१. म्हणजे शेकडा दहाच्या आसपास आणि शेकडा चारच्याही आत. बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या कक्षात नेऊ नका म्हणून त्या हातापाया पडत.

सेमेलवाइस १८४६ मध्ये पहिल्या कक्षात सहायक झाला. त्याने केलेला युक्तिवाद आजही तर्काचा नमुना म्हणून शिकवावा असा आहे. बाळंतज्वर हवेतल्या दूषित प्रभावाने येतो, असं मत तेव्हा चालत होतं. पण दोन्ही कक्ष एकाच रुग्णालयात होते, हवा एकच होती, मग फरक का? गर्दी म्हणावी, तर बायका टाळत असल्यामुळे पहिल्यापेक्षा दुसऱ्या कक्षातच दाटी जास्त. भीती म्हणावी, तर मरणाऱ्या बाईकडे घंटा वाजवत जाणाऱ्या पाद्र्याला वेगळ्या वाटेने, घंटेशिवाय पाठवून पाहिलं. फरक पडला नाही. प्रसूतीच्या वेळची कूस बदलून पाहिली, तरी नाही. आणि रुग्णालयात पोचायच्या आत रस्त्यातच बाळंत झालेल्या बायकांना हा ज्वर कमी होत होता. ज्यांना कोणी तपासलं नव्हतं, त्या वाचत होत्या.

मग मार्च १८४७ मध्ये त्याचा मित्र, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक याकोब कोलेच्का, शवविच्छेदनात विद्यार्थ्याच्या सुरीने बोट कापल्यामुळे आजारी पडून मेला. त्याच्या शवात दिसलेल्या खुणा बाळंतज्वराने मेलेल्या बायकांसारख्याच होत्या. सेमेलवाइसला दुवा सापडला: डॉक्टर आणि विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येतात, सुईणी शवविच्छेदन करत नाहीत. मेच्या मध्यापासून त्याने क्लोरिनच्या पाण्याने, पुढे क्लोरिनयुक्त चुन्याने, म्हणजे आपण जिला ब्लीचिंग पावडर म्हणतो तिने, हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये पहिल्या कक्षातला मृत्युदर १८ टक्क्यांवर होता. जूनमध्ये तो २.२ झाला, जुलैमध्ये १.२. १८४८ या पूर्ण वर्षात ३,५५६ प्रसूतींमागे ४५ मृत्यू झाले, आणि मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत एकही नाही.

अॅरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधनं सांगितली आहेत: युक्तिवाद, ऐकणाऱ्याच्या मनात जागवलेली भावना, आणि बोलणाऱ्याबद्दल वाटणारा विश्वास. पहिलं साधन सेमेलवाइसकडे इतकं होतं की उरलेल्या दोहोंची गरज पडेल असं त्याला वाटलंच नसावं. पुराव्यानिशी बोलणाऱ्या माणसांची ही नेहमीची समजूत असते, आणि मला ती समजूत आवडते. पण ती चुकीची आहे.

अकरा वर्षं कोण बोलत होतं

१८४७ मध्ये हाती आलेल्या शोधावर सेमेलवाइसने स्वतःचा पहिला लेख छापला तो १८५८ साली, हंगेरियन भाषेत. मधली अकरा वर्षं त्याच्या वतीने दुसरेच बोलत होते. व्हिएन्नातल्या त्याच्या पाठीराख्या डॉक्टरांपैकी फेर्डिनांड हेब्राने १८४७ च्या डिसेंबरमध्ये आणि पुन्हा १८४८ च्या एप्रिलमध्ये व्हिएन्नाच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आणि या शोधाला जेनरने शोधलेल्या देवीच्या लसीच्या पंक्तीत बसवलं. दुसरा पाठीराखा योसेफ श्कोडा, त्याने १८४९ मध्ये व्याख्यान दिलं. १८५० मध्ये सेमेलवाइस स्वतः व्हिएन्नाच्या वैद्यकीय मंडळापुढे बोलला, पण भाषणाचा पूर्ण मजकूर छापायला दिला नाही. त्याच वर्षी, अध्यापनाचा हक्क अपुरा मिळाला म्हणून, ज्यांनी त्याची बाजू लावून धरली होती त्यांचा निरोपही न घेता तो व्हिएन्ना सोडून गेला.

लिहिण्याचा आपल्याला उपजत तिटकारा आहे असं त्याने पुढे स्वतःच नोंदवलं. मला हे वाचून त्याच्याबद्दल राग येत नाही, वाईट वाटतं. पण लिहिण्याच्या दृष्टीने या मौनाची किंमत नेमकी सांगता येते.

दुसऱ्याने मांडलेला शोध सोपा होत जातो. १८४७ च्या ऑक्टोबरमध्येच सेमेलवाइसला एक मोठी दुरुस्ती करावी लागली होती. गर्भाशयाच्या कर्करोगाने स्राव होत असलेल्या एका बाईला तपासून डॉक्टर पुढच्या खाटांकडे गेले आणि ओळीने बाराजणींपैकी अकराजणी मेल्या. म्हणजे विष फक्त प्रेतातून येत नव्हतं. जिवंत माणसाच्या सडलेल्या ऊतीतूनही येत होतं. ही दुरुस्ती बाहेर नीट पोचलीच नाही. बाहेर पोचलं ते 'प्रेतातल्या कणांमुळे बाळंतज्वर होतो' एवढंच. ज्या रुग्णालयात शवविच्छेदन होत नव्हतं पण ज्वर होता, तिथल्या डॉक्टरला हे एका वाक्यात खोडता येत होतं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांना वाटलं, यात नवं काय, संसर्ग आम्ही आधीपासूनच मानतो. कोपनहेगनचा प्रसूतितज्ज्ञ कार्ल लेव्ही याने आकड्यांच्या मांडणीवरच शंका घेतल्या. यातल्या बऱ्याच आक्षेपांना सेमेलवाइसकडे उत्तर होतं. त्याने ते लिहिलं नव्हतं.

ग्रीकांकडे योग्य क्षणासाठी 'कायरॉस' असा शब्द होता. वक्तृत्वशास्त्रात त्याला मोठा मान होता. १८४८ मध्ये, शून्य मृत्यूचे दोन महिने ताजे असताना, दहा पानी लेख आला असता तर तो बातमी ठरला असता. १८६० च्या अखेरीस, मुखपृष्ठावर १८६१ साल घालून, पाचशेच्या वर पानांचा जर्मन ग्रंथ आला तेव्हा विरोधकांची मतं त्यांच्या पाठ्यपुस्तकांत छापून बसली होती. छापलेलं मत बदलणं म्हणजे सुधारित आवृत्ती काढणं, आणि सुधारित आवृत्ती काढणं म्हणजे आधीची चुकली होती हे सांगणं.

एक वाक्य उलगडून

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. ते रागाच्या भरात खरडलेलं नाही. त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे.

त्याची सुरुवात अटीने होते: 'खोडून न काढता शिकवत राहिलात तर'. ही अट न्यायाची आहे. ती स्कॅन्झोनीला दोन वाटा देते: खोडून काढा, नाहीतर शिकवणं बदला. इथवर हा वादाचा प्रामाणिक प्रस्ताव आहे. मग शपथ येते, देवाच्या आणि जगाच्या साक्षीची. शपथ आली की मजकूर वैद्यकातून उठून न्यायसभेत जातो. आता लिहिणारा सहकारी राहिला नाही, फिर्यादी झाला. पाठोपाठ आरोप: खुनी. आणि शेवटी दाखला: नीरो. दाखल्याचं काम विचार वाचवणं हे असतं. नीरो म्हटलं की क्रूर, बेफिकीर, शहर जळताना पाहणारा अशी सगळी प्रतिमा वाचकाच्या मनात आयती उभी राहते; स्कॅन्झोनीबद्दल वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही. मुद्दाम पाहा, अटीने सुरू झालेल्या या वाक्याची अट शेवटी पोचेपर्यंत कोणाच्याही लक्षात राहत नाही. 'खुनी' आणि 'नीरो' या दोन शब्दांच्या उजेडात ती पुसली जाते. आज दीडशेहून अधिक वर्षांनी हे वाक्य उद्धृत होतं तेव्हाही अनेकदा अट गळालेली असते.

त्याआधी व्हिएन्नाच्या योसेफ श्पेटला लिहिलेल्या पत्रातही हीच चाल आहे, पण तिथे एक वेगळी गोष्ट दिसते. सेमेलवाइस आधी स्वतःला दोष देतो: मी गप्प बसलो नसतो, प्रत्येक चुकीची दुरुस्ती करत राहिलो असतो, तर १८४७ पासून मेलेल्या हजारो बायका आणि बालकं मेली नसती, ही जाणीव मी बाळगतो. इतकं म्हणून पुढच्याच झोक्यात तो म्हणतो, या कत्तलीत, प्राध्यापक महाशय, तुमचाही भाग आहे. पहिल्या वाक्यात त्याने दार उघडलं होतं. वाचक उंबऱ्यावर येतो न येतो तोच ते त्याच्या तोंडावर आपटलं.

या पत्रांचं मराठी मनातल्या मनात करत गेलं की एक गोष्ट जर्मनपेक्षा आपल्या भाषेत जास्त उघड दिसते. बाळंतज्वर साथीचा मानणारे डॉक्टर ज्या तऱ्हेने बोलत, ते मराठीत असं येईल: 'साथीत बायका दगावल्या.' दगावणं या क्रियापदाला करणारा नसतो. कोणी दगावतं, कोणी कोणाला दगावत नाही. सेमेलवाइस म्हणत होता: 'तुम्ही बायका मारल्या.' मारणाऱ्याला कर्ता लागतो, आणि खून म्हटलं की हेतूही लागतो. पहिल्या वाक्यात माणूस नाहीच, दुसऱ्यात माणूस आहे आणि तो नराधम आहे. खरं काय घडलं होतं, ते या दोन्हींत मावत नाही. त्याला मराठीत तिसरं रूप आहे: 'आपल्या हातून बायका गेल्या.' हातून घडणं म्हणजे करणारा मीच, पण मनात ते नव्हतं. जबाबदारी आहे, हेतू नाही. आणि या प्रकरणात तर 'हातून' हा शब्द अक्षरशः खरा आहे, कारण सगळं भांडण हातांचंच होतं.

व्याकरणातली ही निवड म्हणजे वरवरचा शब्दालंकार नव्हे. कोणत्याही प्रभावी मजकुरात मी आधी क्रियापदं पाहते. कर्ता कुठे लपवला आहे, कुठे कोणावर लादला आहे, हे क्रियापदावरून कळतं. 'दर वाढले', 'चुका झाल्या', 'जमाव पांगवण्यात आला' ही वाक्यं कोणाला तरी वाचवत असतात. उलट बाजूने, जिथे अनेकांचं अज्ञान गुंतलेलं असतं तिथे एकाच माणसाला कर्ता करून लिहिलेलं वाक्य न्यायासारखं दिसतं आणि बरेचदा नसतं.

पटलं तर काय होईल?

पत्र वाचणाऱ्या प्रसूतितज्ज्ञाच्या जागी क्षणभर बसावं. तो वीस वर्षं बाळंतपणं करतो आहे. त्याच्यापुढे दोन शक्यता आहेत. सेमेलवाइस चुकीचा असेल, तर गेलेल्या बायका हवेच्या, ऋतूच्या, दैवाच्या. तो बरोबर असेल, तर त्या त्याच्या हातच्या. म्हणजे मुद्दा मान्य करणं म्हणजे फक्त मत बदलणं नव्हतं. जुन्या सगळ्या खाटांशी पुन्हा जाऊन उभं राहणं होतं.

ही कल्पना नाही. कीलचा प्रसूतितज्ज्ञ गुस्टाव मिखाएलिस याला सेमेलवाइसचं म्हणणं लवकर पटलं. त्याने क्लोरिनने हात धुणं सुरू केलं, मृत्यू घटले. पण याच्या थोडं आधी त्याने स्वतः जिचं बाळंतपण केलं होतं ती त्याची नातेवाईक बाई बाळंतज्वराने गेली होती. आता ती कशाने गेली हे त्याला समजलं. १८४८ च्या ऑगस्टमध्ये त्याने रेल्वेखाली जीव दिला.

मन वळवण्यावरच्या पुस्तकांत वाचक 'हट्टी' किंवा 'पूर्वग्रही' असल्याचं पुष्कळ सांगितलेलं असतं. मिखाएलिसचं उदाहरण मला त्यापेक्षा जास्त शिकवून जातं. काही वाचक आपलं ऐकत नाहीत, कारण ऐकल्यावर कसं जगायचं हे त्यांना दिसत नसतं. असा वाचक समोर असताना पुराव्याचा जोर वाढवला की विरोध कमी होण्याऐवजी वाढतो, कारण पुरावा जितका पक्का तितका त्याचा अपराध पक्का. सेमेलवाइसला ही गोष्ट ठाऊक असायला हवी होती. मिखाएलिसची हकिगत त्याच्या स्वतःच्या ग्रंथात आहे.

त्याच विषयावर दुसरा लेखक

सेमेलवाइसच्या चार वर्षं आधी, १८४३ मध्ये, बॉस्टनचा डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स याने बाळंतज्वर सांसर्गिक आहे असा निबंध वाचला. त्याच्याकडे व्हिएन्नासारखे दोन कक्षांचे आकडे नव्हते. त्याच्याकडे हकिगती होत्या: अमुक डॉक्टरच्या हाताखाली एकापाठोपाठ एक बायका गेल्या आणि त्याच गावात दुसऱ्या डॉक्टरच्या गेल्या नाहीत. एका मागे एक अशा त्याने त्या रचल्या आणि वाचकाला मोजायला लावलं.

होम्सचा आरोपही सौम्य नव्हता. एकाच डॉक्टरच्या वाट्याला येणाऱ्या या मृत्युमालिकेला यापुढे दुर्दैव न म्हणता गुन्हा म्हणायची वेळ आली आहे, असं त्याने स्पष्ट म्हटलं. पण तो हे कुठे म्हणतो ते पाहा. आधी तो सांगतो की घडून गेलेल्या, न भरून येणाऱ्या चुकांची आठवण मी दूषण देण्यासाठी काढत नाही, धडा म्हणून काढतो आहे. मग तो 'यापुढे' असं म्हणतो. काळाची ही रेघ त्याने आखली. रेघेच्या अलीकडचं सगळं अज्ञान, पलीकडचं सगळं कर्तव्य. ज्याला मान्य करायचं आहे त्याला आजपासून मान्य करता येतं, कालचा हिशेब न देता.

म्हणून होम्सला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं असं झालं नाही. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स मीग्ससारख्या प्रस्थापित प्राध्यापकाने त्याची खिल्ली उडवली. बारा वर्षांनी निबंध पुन्हा छापताना होम्सने उत्तर दिलं, त्याचा आशय असा: मी रागावत नाही, उलट टोलाही देत नाही, बाळ छातीशी धरून निजलेल्या आईच्या पांघरुणावरून कोणालाही माझ्याशी भांडण उकरता येणार नाही. या एका प्रतिमेने वादाच्या मध्यभागी कोण आहे हे त्याने ठरवून टाकलं. दोन डॉक्टरांच्या मध्ये एक बाई निजलेली आहे. तिच्यावरून कोणी आवाज चढवू नये.

सेमेलवाइसच्या पत्रांत बायका हजारोंनी आहेत, पण आकड्यांत आणि आरोपात. अशी एकही खाट त्या पत्रांतून माझ्या डोळ्यांसमोर आली नाही. हातापाया पडणाऱ्या बायका त्याने पाहिल्या होत्या, घंटेचा आवाज ऐकला होता. भावना जागवायचं सगळं साहित्य त्याच्याजवळ होतं. त्याने तिच्या जागी स्वतःचा संताप ठेवला. लिहिणाऱ्याचा संताप ही वाचकाची भावना होत नाही. वाचक तो बाहेरून पाहतो.

रागाची बाजू

इथे सेमेलवाइसच्या बाजूने बोललं पाहिजे, नाहीतर हा अभ्यास शिष्टाचाराचा धडा होऊन बसेल. बायका मरत होत्या. त्याने हात धुवायला लावलेल्या पेस्टच्या सेंट रोखुस रुग्णालयात १८५१ ते १८५७ मध्ये ९३३ प्रसूतींमागे ८ मृत्यू झाले, आणि त्याच काळात इतर ठिकाणी प्राध्यापक साथीचे सिद्धान्त शिकवत होते. हे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याने आवाज चढवू नये, असं सांगण्याचा अधिकार मला वाटत नाही कोणाला आहे. शिवाय पत्रांचा सूर हे एकच कारण नव्हतं. जंतूंचा सिद्धान्त अजून उभा राहायचा होता, त्यामुळे हातावरची अदृश्य घाण नेमकं काय करते हे त्याला दाखवता येत नव्हतं. ब्रिटिश शल्यचिकित्सक लिस्टर याचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेख १८६७ मध्ये आले. सेमेलवाइस १३ ऑगस्ट १८६५ रोजी, ४७ व्या वर्षी, व्हिएन्नातल्या वेड्यांच्या इस्पितळात मेला होता.

राग चुकीचा नव्हता. पत्ता चुकीचा होता. आणि याचा पुरावा त्याच्याच शेवटच्या पत्रात आहे. १८६२ मध्ये त्याने प्रसूतिशास्त्राच्या सर्व प्राध्यापकांना उद्देशून खुलं पत्र काढलं. त्यात तो बजावतो की तुम्ही ऐकलं नाहीत तर मी थेट लोकांशी बोलेन. आणि मग तो बोलतोच: कुटुंबाच्या बापा, तुझ्या बायकोसाठी डॉक्टर किंवा सुईण बोलावणं म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे का? तिला आणि अजून न जन्मलेल्या तुझ्या लेकराला जिवाच्या धोक्यात घालणं.

वक्तृत्वात याला संबोधन बदलणं म्हणतात: समोरच्याला सोडून तिसऱ्याकडे तोंड वळवून बोलणं. त्याच्या सगळ्या पत्रांतला हा मला सर्वांत जिवंत तुकडा वाटतो. इथे एकदम एकवचन आहे, एक घर आहे, एक बाई आहे, आणि वाचकाला काहीही कबूल न करता करण्यासारखं काम आहे: आलेल्या डॉक्टरला हात धुवायला सांगणं. या वाचकाला सेमेलवाइसचं म्हणणं पटण्यात तोटा नव्हता, फायदाच होता. पण हे वाक्य छापलं गेलं प्राध्यापकांना लिहिलेल्या पत्रात, आणि तेही धमकी म्हणून. ज्याच्यासाठी ते लिहिलं होतं त्याच्या हाती ते पत्र पडण्याची शक्यता फार थोडी.

ग्रंथात पुरलेली कबुली

मला या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती गोष्ट आता सांगते. जे वाक्य पत्रांच्या सुरुवातीला हवं होतं, ते सेमेलवाइसने लिहिलेलं होतं. १८६१ च्या ग्रंथात तो म्हणतो, माझ्या विश्वासाला स्मरून मला कबूल केलं पाहिजे की माझ्यामुळे किती बायका अकाली थडग्यात गेल्या हे फक्त देवालाच ठाऊक. कारण इतर प्रसूतितज्ज्ञांपेक्षा मी प्रेतांवर जास्त काम केलं आहे. सकाळी वॉर्डात जाण्याआधी तो मेलेल्या बायकांची शवविच्छेदनं करत असे. पहिल्या कक्षात त्याच्या काळात झालेले मृत्यू काही प्रमाणात त्याच्या स्वतःच्या अभ्यासूपणाचं फळ होते. हे लिहायला केवढं धैर्य लागलं असेल.

अॅरिस्टॉटलच्या मते बोलणाऱ्यावर विश्वास बसायला तीन गोष्टी लागतात: शहाणपण, सचोटी आणि ऐकणाऱ्याबद्दलचा सद्भाव. सेमेलवाइसच्या शहाणपणावर आणि सचोटीवर त्याच्या काही विरोधकांनाही शंका नसावी. तिसरी गोष्ट पत्रांत उरलीच नाही. आणि ही कबुली एका झटक्यात तीनही देत होती. ती सांगते: मी तुमच्याच रांगेत उभा आहे, तुमच्या पुढे. मला हे कळल्यावर मी जगलो आणि काम करत राहिलो, तुम्हालाही जगता येईल. मिखाएलिसला ज्या वाक्याची गरज होती, ते हेच.

पण ते पाचशेच्या वर पानांत कुठेतरी होतं, जिथे तक्त्यांमागून तक्ते येतात आणि जुन्या विरोधकांची उत्तरं पुन्हा पुन्हा येतात. जे लोक ग्रंथ उघडायला तयार नव्हते त्यांना त्याने पत्रं पाठवली, आणि पत्रात पाठवला आरोप.

पुन्हा लिहून पाहिलं

प्रभावी लेखनाचा अभ्यास फक्त दोष दाखवून संपत नाही असं मी मानते. पर्याय लिहून दाखवता आला पाहिजे. खाली मी स्कॅन्झोनीला पाठवायचं पत्र लिहून पाहिलं आहे. यातले आकडे आणि कबुली सेमेलवाइसची आहे, मांडणी माझी.

"मान्यवर प्राध्यापक महाशय, १८४७ च्या मेपर्यंत मी सकाळी शवविच्छेदन करून तिथून प्रसूतिकक्षात जात असे. माझ्या हातून किती बायका गेल्या हे देवालाच ठाऊक. तेव्हा हे मला माहीत नव्हतं. मे महिन्यात आम्ही क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लागलो. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या कक्षात ४,०१० प्रसूतींमागे ४५९ मृत्यू होते. त्याच्या पुढच्या वर्षी ३,५५६ प्रसूतींमागे ४५. इमारत तीच, हवा तीच. या रोगाबद्दल आपलं मत वेगळं आहे आणि त्याला आपली कारणं आहेत. मी आपल्याला मत बदला असं म्हणत नाही. एका कक्षात सहा महिने प्रत्येकाचे हात प्रत्येक तपासणीआधी धुवून घ्यावेत, दुसऱ्या कक्षात नेहमीप्रमाणे चालू द्यावं, आणि दोन्हीकडचे आकडे जसे येतील तसे छापावेत. मी चुकत असेन तर आपले आकडे ते जगाला सांगतील, आणि मी ते मान्य करीन."

लिहून झाल्यावर एक वाक्य मलाच टोचलं. 'दुसऱ्या कक्षात नेहमीप्रमाणे चालू द्यावं.' ज्याला खरं ठाऊक आहे तो हे कसं लिहील? तिथल्या बायकांचं काय? सेमेलवाइसने हे वाक्य कधीच लिहिलं नसतं, आणि तो बरोबर असता. म्हणून ते काढून टाकलं, आणि त्या जागी असं घातलं: "आपल्या सगळ्याच कक्षांत सहा महिने हात धुवून घ्यावेत, आणि आपल्याच मागच्या सहा महिन्यांच्या नोंदींशी ताडून पाहावं." पुरावा थोडा ढिला झाला, पण पत्र आता त्याच्या तोंडी शोभेल.

हे वाचून स्कॅन्झोनीचं मत बदललं असतं का, कोण सांगणार. पण खुनी म्हणणाऱ्या पत्राला उत्तर न देता त्याला मानाने गप्प बसता आलं. या पत्राला उत्तर द्यायचं असतं, तर त्याला आधी आपल्या वॉर्डाची नोंदवही उघडून मोजायला बसावं लागलं असतं.